टोपली नलूची होती

ही गोष्ट अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. मुलीला सांगितली नाही, इंदूरच्या भावाला नाही, रोज सकाळी रामघाटापर्यंत माझ्यासोबत चालत येणाऱ्या मित्रालाही नाही. दोन-तीनदा जिभेवर आली होती — आणि दर वेळी मी विषय पोहे-जलेबीवर नेला. आता वय झालं. खरं सांगू? पश्चात्तापापेक्षा कंटाळाच जास्त आलाय. एकच खोटं इतकी वर्षं सांभाळायचं, त्याला रोज जेवू-खाऊ घालायचं — थकतो हो माणूस. तुम्ही समोर बसला आहात, म्हणून बोलतो.

आधी मी कोण ते सांगतो. मी उज्जैनच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवायचो. हिंदीतून. घरात मराठी, वर्गात हिंदी, आणि दोन्हींची खिचडी करून बाजारात बोलायचं — इथे जन्मलेल्या आम्हा सगळ्यांचं तसंच आहे, पुण्याचे पाहुणे हसतात तर हसोत. आपल्या मराठी मंडळींत मला ‘सर’ म्हणतात. पैशाचं काही निघालं की लोक नानाखेड्याला माझ्या घरी येत. सर, हे कुठे ठेवू? सर, पोस्टात की बँकेत? मी चष्मा पुसून उत्तर देत असे. आणि मी स्वतः? मी आयुष्यात एक शेअर विकत घेतलेला नव्हता. एक युनिट नाही. म्युच्युअल फंडाला हिंदीत पारस्परिक निधि म्हणतात, त्याची परिभाषा, त्याचे प्रकार, लाभ, दोष — सगळं तोंडपाठ. पण त्यात पैसे घातले की पुढे नेमकं काय होतं, हे मला कुणी खोदून विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती. कुणी विचारलं नाही. सरांना कोण विचारणार?

बाजार उघडला, त्यानंतरची ती वर्षं. टीव्हीच्या पडद्यावर खालून भाव धावायला लागले होते. टावर चौकात दुकानांच्या वरच्या मजल्यांवर ब्रोकर लोकांची ऑफिसं आली होती. ज्यांनी कधी पोस्टाच्या पलीकडे पाहिलं नव्हतं ते लोक दाढी करताना फंडांची नावं घेत होते. आणि नेमक्या त्याच काळात आमच्या घरात नलूच्या हातात तिची स्वतःची रक्कम आली.

नलू म्हणजे माझी बायको, नलिनी. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. बोर्डासमोर बसून ट्रंक कॉल जोडायची. नंतर घरोघरून थेट फोन लागायला लागले, यंत्रं आली, बोर्डावरच्या बायकांना काम उरलं नाही. तिला दुसऱ्या टेबलावर बसवलं, तिथे तिचं मन लागेना. मुदतीआधीच निवृत्ती घेतली तिनं, ती रक्कम त्याचीच. खात्यात असताना तिनं दुसऱ्यांचं बोलणं कधी मुद्दाम ऐकलं नाही — त्या बाबतीत फार कडक होती — पण लाईन नीट लागली की नाही हे बघेपर्यंत दोन वाक्यं कानावर पडणारच. सोयाबीनवाले, कापूसवाले, चांदीवाले. आत्ता एक भाव, आणि तोच माणूस पंधरा मिनिटांनी दुसऱ्यांदा कॉल लावतोय तर दुसरा भाव. ती मला म्हणायची, भाव म्हणजे दुसरं काय हो, समोरचा त्या घडीला जे द्यायला तयार आहे ते. मी हसायचो. पुस्तकात याला दोन पानं लागतात.

फ्रीगंजमधल्या एका हॉटेलात गुंतवणूकदारांची सभा होती. तिनं मला चला म्हटलं. मी म्हटलं, मला त्यात नवीन काय? ती एकटी गेली. परत आली ती खुशीत. हात-पाय धुतले, पोळ्या लाटायला घेतल्या, आणि लाटता लाटताच मला सांगत होती.

म्युच्युअल फंड म्हणजे मेसचा डबा, ती म्हणाली. भाजी कोणती, आमटी कोणती, ते डबेवाली ठरवणार. तिच्या हाताला चव असली तर मजा आहे, नसली तर आपलं नशीब, पण तिची मजुरी दोन्ही वेळा भरायची. भावही दिवसाअखेरी एकदाच लागणार, पैसे तुम्ही सकाळी द्या की दुपारी. मात्र एक सोय आहे — डबा नको झाला तर डबेवालीच तो परत घेते. आणि हा जो नवीन निघालाय, शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा फंड, ईटीएफ म्हणतात त्याला, ती मंडीतली बांधलेली टोपली. मंडीत जे जे जितकं विकतं त्याच मापानं सगळं थोडं थोडं त्यात घातलेलं. निवडायला कुणी नाही, म्हणून निवडणाऱ्याची मजुरीही जवळजवळ नाही. स्वस्त पडते. पण भाव घडीघडीला बदलणार. आणि विकायची झाली की टोपली घेऊन आपणच मंडीत उभं राहायचं, गिऱ्हाईक यायची वाट बघायची.

तिचं ठरलंही होतं. मेघाच्या — आमच्या मुलीच्या — लग्नाचे पैसे डब्यात, कारण ते कधी लागतील त्याचा भरवसा नाही. स्वतःच्या म्हातारपणाचे टोपलीत, आणि मग त्यांना हात लावायचा नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे कॉल जोडले, ती म्हणाली, आता हा एक माझा मी लावते. माझ्याकडे बघून विचारलं, बरोबर आहे ना?

काय सांगू तुम्हाला? वर्गात तास-तास घेऊन मला जे समजावता आलं नव्हतं, ते हिनं चार पोळ्यांत समजावलं. मला कौतुक वाटायला हवं होतं. वाटलं का? नाही. राग आला. मी म्हटलं, ठीक आहे, बघू.

त्या वर्षी आपल्या मंडळींच्या गणपतीत माझं व्याख्यान ठेवलं होतं. विषय — लहान गुंतवणूकदारानं काय निवडावं? दोन दिवस कागद घेऊन बसलो, पण त्या कागदांतून परिभाषेपलीकडे काही निघेना. स्टेजवर उभा राहिलो, हॉल भरलेला, पुरुष इकडे, बायका तिकडे, नलू तिसऱ्या रांगेत — आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, समजा, एक डबा आहे आणि एक टोपली आहे.

मुद्दाम केलं का? आधी ठरवलं होतं का? मी स्वतःला खूपदा विचारलंय. पहिलं वाक्य आपोआप निघालं असेल. दुसरं नाही. दुसऱ्या वाक्याच्या वेळी ‘आमच्या घरी हे असं म्हणतात’ एवढं घालायला कितीसा वेळ लागला असता? नाही घातलं. लोक हसले, माना डोलवायला लागले. नलूही हसली. हात मांडीवर ठेवून कौतुकानं ऐकत होती, मी आत्ता तिचं नाव घेईन, आत्ता घेईन — असं तिला वाटत होतं की नाही, देव जाणे. मला तरी तसं दिसत होतं. मी तिसऱ्या रांगेकडे बघणं सोडून दिलं.

आमच्याकडे तेव्हा एक पद्धत होती. व्याख्यान झालं की पुरुष उठून प्रश्न विचारत, बायका चिठ्ठ्या पाठवत. नाव न घालता. आरतीच्या तबकात गोळा होऊन त्या वक्त्याच्या टेबलावर येत, कुंकवाचे डाग पडलेल्या. मी एकेक उघडून वाचत होतो. एक उघडली — अक्षर नलूचं. तिचं अक्षर मी ओळखणार नाही का? लिहिलं होतं, टोपली विकायची वेळ आली आणि त्या घडीला मंडीत गिऱ्हाईकच नसेल, तर?

हा भाग मी सांगायचा विसरलो होतो. टोपली स्वस्त, टोपली चांगली, एवढं सांगून टाळ्या घेऊन मोकळा झालो होतो. ती काही मला कोंडीत पकडत नव्हती हो. तिला उत्तर माहीत होतं. ती मला आठवण करून देत होती, घरी जेवताना माझ्या ताटातलं मीठ संपलं की न सांगता वाढायची, तसं. आणि मी काय केलं? ती चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि पुढची उघडली. कारण उत्तर तिचं होतं आणि मला ते धड आठवत नव्हतं. अडखळलो असतो तर लोकांना कळलं असतं.

शेवटी शाल-श्रीफळ. अध्यक्ष म्हणाले, अशी उपमा आमच्या सरांनाच सुचू जाणे. मग सरांची काळजी घेतात म्हणून वहिनींना पुढे बोलावलं, त्यांची ओटी भरली. नलूनं पदर पुढे करून नारळ घेतला. परतताना टेम्पोत तिनं एवढंच विचारलं, सगळ्या चिठ्ठ्या वाचल्यात ना? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, बरं.

तुम्ही म्हणाल, एवढंच? बायकोचं एक उदाहरण आपलं म्हणून सांगितलं, नवरे सांगतात. मलाही तसंच वाटलं असतं. पण मला जे सांगायचंय ते हे नव्हेच. मी अजून त्याच्या भोवतीच फिरतोय — बघा, आताही फिरतोच आहे.

गणपती झाले. नलू आपल्या कामाला लागली. टोपली घ्यायची तर आधी शेअर ठेवायचं खातं उघडावं लागतं, ज्याला डीमॅट म्हणतात, ते तिला तिच्या एकटीच्या नावानं उघडायचं होतं. माझ्यावर अविश्वास म्हणून नाही. घराचे कागद माझ्या नावावर, गॅस माझ्या नावावर, फोनसुद्धा — फोन खात्यात ती, आणि घरचा फोन माझ्या नावावर. एक गोष्ट तिला आपली हवी होती. तिनं फोटो काढून आणला, पाकिटात घालून माझ्याकडे दिला. तुम्ही संध्याकाळी टावरकडे जाताच आहात, तर काय काय लागतं तेवढं विचारून या म्हणाली.

मी गेलो. ब्रोकर ओळखीचाच होता, त्याचा मुलगा माझ्या हाताखाली शिकलेला. त्यानं चहा मागवला. मी विचारलं. तो म्हणाला, “मैडम के नाम से अकेले का खुल जाएगा सरजी, इसमें क्या है. आप तो बस उन्हें भेज दीजिए, दस्तखत हो जाएँगे.”

उन्हें भेज दीजिए. तिला पाठवा. मी त्या ऑफिसात बघितलं. भिंतीला लागून सोफा, समोर भाव दाखवणारा टीव्ही, आणि सोफ्यावर आपलीच मंडळी — मंडळाचे अध्यक्ष, खजिनदार, रोज संध्याकाळी भाव बघत बसणारे. नलू इथे येऊन बसणार. काही विचारणार. तिचं बोलणं ऐकून या लोकांना पाच मिनिटांत कळणार की टोपली कुणाची होती. एखादा म्हणणारही, अरे, ते सरांचं भाषण... मी चहा संपवला. पाकीट खिशातून बाहेर काढलंच नाही. खाली उतरलो, टावरला दोन चकरा मारल्या. ठरवून मारल्या. त्या दोन चकरांत मला काय बोलायचं ते तयार झालं, हे मी लपवणार नाही.

घरी ती कोथिंबीर निवडत बसली होती. मी म्हटलं, “एकटीच्या नावानं होत नाही म्हणे. नवऱ्याचं नाव पहिलं लागतं. नियम आहे.”

ती थांबली. “असं कसं? पगार तर माझ्या एकटीच्या नावानं यायचा.”

“ते सरकारी होतं. हा बाजार आहे.”

तिनं माझ्याकडे बघितलं. वाद घातला नाही. का घालणार? तिची सगळी नोकरी नियमावर गेलेली — कुणाचा कॉल आधी, कुणाचा नंतर, कलेक्टरचा असो की पानवाल्याचा, नियम म्हणजे नियम. नियम आहे म्हटलं की नलू पुढे बोलत नाही, हे मला माहीत होतं. मी तोच शब्द निवडला. दुसऱ्या कुठल्या शब्दानं ती ऐकली नसती, उठून स्वतः टावरला गेली असती. तिला अडवायला तिचीच सचोटी वापरली मी. हे ते. हेच मला सांगायचं होतं.

“बरं,” ती म्हणाली, आणि कोथिंबीर पुढे घेतली.

खातं उघडलं — माझं नाव पहिलं, तिचं दुसरं. ती सही करायला आली नाही, कागद मी घरी आणले, बोट ठेवून दाखवलं, इथे कर, इथे कर. तिनं केल्या. कागद वाचले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा न वाचता सही केली तिनं.

पैशाचं म्हणाल तर मी अगदी तिनं सांगितलं तसंच केलं. लग्नाचे डब्यात, म्हातारपणाचे टोपलीत. एक रुपया बुडाला नाही. मेघाचं लग्न वेळेवर, नीट झालं. टोपली वाढली, चांगली वाढली, आज आमचं दोघांचं औषधपाणी त्यातूनच निघतं. सोफ्यावरची मंडळी म्हणाली, सरांनी ओळखलं होतं. पैसे बुडाले असते तर निदान भांडण झालं असतं. कुणीतरी कुणाला तरी जाब विचारला असता. इथे तर सगळं छानच झालं. मग तक्रार कशाची करायची?

सुरुवातीला ती विचारायची, आज टोपली कितीला आहे हो? मी म्हणायचो, बघितलं नाही. बघितलेलं असायचं. मग म्हणायला लागलो, तुला काय करायचंय? एकदा जावई घरी आले होते. बाजार फार वर गेला होता, आणि ती म्हणाली, मला वाटतं थोडं काढून घ्यावं आता, एवढी गर्दी मंडीत बरी नव्हे. बरोबर बोलत होती ती. पुढे बाजार पडलाच. मी जावयांकडे बघून हसलो आणि म्हटलं, राहू दे गं, तुला नाही कळायचं ते. जावई हसले. नलूही हसली. उठून आत चहा ठेवायला गेली, आणि त्या दिवसानंतर तिनं टोपलीचा भाव कधी विचारला नाही.

हळूहळू तिनं बाजारभावाचं पान वाचणं सोडलं. बँकेत जाणं सोडलं. मेघा काही विचारायला लागली की म्हणायची, बाबांना विचार. मला आधी वाटलं, रुसलीय. वाट बघितली मी, रुसवा निघेल, एक दिवस चिडेल, सगळं ओकून टाकेल. वर्षं गेली. रुसवा नव्हताच तो. तिला खरंच तसं वाटायला लागलं होतं.

त्या काळी घरोघरी असंच होतं, असं म्हणता येईल. नाही म्हणत. आमच्या समोरच्या घरातल्या बाई एकट्या ब्रोकरकडे जायच्या, स्कूटरवर. मला कुणी शिकवलं नाही, मला कुणी सांगितलं नाही, तसलंही काही नाही. तो ब्रोकर पुढे एकदा लग्नात भेटला तेव्हा नलूसमोरच म्हणाला, मैडम आप आई नहीं उस दिन. मी घाईघाईनं त्याला जेवणाच्या रांगेकडे वळवलं. नलूनं विचारलं, कोणत्या दिवशी? मी म्हटलं, याला काय, कुणालाही काहीही म्हणतो.

आणि आता परवाची गोष्ट. मेघाच्या मुलीला, अन्वीला, पहिली नोकरी लागली. तिनं आजीला फोन केला. नलू मटार सोलत होती, तिनं फोन स्पीकरवर टाकून ताटलीशेजारी ठेवला. अन्वी म्हणत होती, आजी, पगारातले थोडे बाजूला काढणार आहे मी, ईटीएफ घेऊ की म्युच्युअल फंड? सगळे वेगवेगळं सांगतात.

नलू हसली. म्हणाली, “मला कुठलं गं कळतंय त्यातलं. आजोबांना विचार. त्यांचं ते डबा आणि टोपली ऐक एकदा, जन्मात विसरणार नाहीस.”

त्यांचं, म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा असेल म्हणून बघितलं. टोमणा असता तर मी तिथेच पाय धरले असते तिचे. नव्हता. ती शेंगा सोलत होती, आणि मला फोन देण्यासाठी हात पुसत होती.

मी फोन घेतला. सांगितलं. डबेवाली, तिची मजुरी, दिवसाअखेरचा भाव, मंडी, टोपली, सगळं. आता मला ते फार छान सांगता येतं, इतक्यांदा सांगितलंय. अन्वी ऐकत होती. मग तिनं विचारलं, पण आजोबा, टोपली विकायच्या वेळी मंडीत गिऱ्हाईकच नसेल तर?

या वेळी मला उत्तर येत होतं. मी म्हटलं, रोज किती हातोहात विकली जाते ते आधी बघायचं. जिला उठाव नाही ती टोपली घ्यायचीच नाही. विकताना आपला भाव सांगून थांबायचं, मिळेल त्या भावाला सोडायची नाही. आणि जे पैसे अडीअडचणीला लागणार आहेत ते टोपलीत ठेवायचे नाहीत, ते डब्यात.

नलूच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. ती लक्ष देऊन ऐकत होती.

“हे माझ्या डोक्यात कधी आलंच नसतं,” ती म्हणाली.

मी ‘हं’ म्हटलं, आणि अन्वीला पुढचं सांगत राहिलो.